दीक्षितपुऱ्याच्या बेबीची तक्रार

माझ्या नोकरीला मराठीत धड नाव नाही, आणि हिंदीत जे होतं ते आमच्या शिपायालाही एका दमात म्हणता यायचं नाही. दारावरच्या पाटीवर दोन ओळी भरून मजकूर होता आणि खाली बाण काढलेला होता, कारण आमची खोली जिन्याखाली होती. जबलपुरात सिविल लाइंसच्या त्या जुन्या कचेरीत मोठमोठी दालनं रिकामी पडलेली असायची, पण आमच्या वाट्याला जिना आला. कोणी विचारलं की माझ्या सासूबाई सांगायच्या, "आमची सून वेड्यांच्या तक्रारी घेते." सांगताना त्यांचा आवाज जरा खाली यायचा. मी सुरुवातीला पुष्कळ चिडले, मग नाद सोडला. 'वेडे' हा शब्द वगळला तर त्यांनी सांगितलेलं अगदी बरोबर होतं.

छत्तीसगड वेगळं झालं त्यानंतरच्या वर्षांत मी या कामावर आले. काम दोन प्रकारच्या माणसांचं. एक, ज्यांना मनाचा आजार झाला आहे ती. दुसरी, ज्यांच्या बुद्धीची वाढच जन्मापासून कमी राहिली आहे ती. पहिल्यांना औषधाने बरं वाटू शकतं, दुसऱ्यांना औषध नसतं, धीराने शिकवावं लागतं. दोघांत काडीचं साम्य नाही, पण लोक दोघांशी वागतात एकाच तऱ्हेने. त्यांच्याबद्दल त्यांच्यासमोर तिसऱ्याशीच बोलतात. "याने जेवण केलं का?" हे त्याला न विचारता त्याच्या भावाला विचारतात. माझं काम म्हणजे त्यालाच विचारायचं. तो घरी असो की आश्रमात, त्याचं म्हणणं ऐकायचं, चौकशी करायची आणि जिल्ह्याच्या समितीपुढे अहवाल ठेवायचा. आदेश द्यायचा अधिकार समितीला होता. मला अधिकार होता तो विचारायचा.

एवढ्याशा अधिकारात काय होतं, असं तुम्ही म्हणाल. एका खासगी आश्रमात एक गृहस्थ होते, त्यांना सगळे इंजिनीअर साहेब म्हणत. दर महिन्याला ते मला वीस-पंचवीस पानांची तक्रार द्यायचे. शेजारचा टॉवर आपल्या डोक्यातून बातम्या काढून घेतो, व्यवस्थापकाचे दोन जुळे भाऊ आळीपाळीने ड्यूटीवर येतात, असा सगळा मजकूर. आमचे तिवारी बाबू ती पानं न वाचताच फाईलला लावायचे. "मैडम, इसमें तो बस सैटेलाइट है." मी हट्टाने पूर्ण वाचायची, त्यात माझा मोठेपणा नव्हता, मला अर्धवट वाचलेलं काही सोडवतच नाही. एका महिन्यात सतराव्या पानावर दोन टॉवरांच्या मधे एक ओळ होती: बायकांच्या बाजूच्या संडासाला आतून कडी नाही. मी जाऊन पाहिलं. कडी नव्हती. वर्षभर नव्हती. चाळीस बायका एकमेकींना दाराशी उभं करून जात होत्या, आणि धडधाकट म्हणवणारे आम्ही तपासणीला जाऊन खिचडीची चव पाहून येत होतो. ते पाहिलं ते फक्त इंजिनीअर साहेबांनी. कडी बसली. पुढच्या महिन्यात त्यांनी कडीचे आभार मानले आणि टॉवरची तक्रार कायम ठेवली.

अशा ठेचा खाऊन मी स्वतःसाठी तीन नियम केले होते. आश्रमात गेलं की व्यवस्थापकाच्या खोलीत बसायचं नाही. कोणाच्या घरी गेलं की पाण्यापलीकडे काही घ्यायचं नाही. आणि ज्याच्याबद्दल प्रकरण आहे त्याच्याशी निदान पंधरा मिनिटं एकट्याने बोलायचं. घरच्यांनी कितीही सांगितलं की "वो बोलता नहीं है मैडम," तरी बोलायचं. न बोलणारी माणसंही पंधरा मिनिटांत पुष्कळ सांगतात, फक्त आपण घड्याळाकडे पाहायचं नाही. या नियमांमुळे मी शहरात चांगलीच अप्रिय होते. कोणी मला शिष्ट म्हणायचे, कोणी उद्धट, आणि एका वकिलाच्या बायकोने तर "आमच्या हातचं चालत नाही का?" म्हणून जातीवर आणलं होतं. मला त्याचा थोडा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू!

आता जी गोष्ट सांगायची आहे ती हा अभिमान उतरल्याची आहे.

जबलपुरातल्या मराठी माणसांना मी काय सांगतेय ते लगेच समजेल, बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. आम्ही इथे पिढ्यानपिढ्या आहोत. कोणी फॅक्टरीत, कोणी रेल्वेत, कोणी पोस्टात. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. गणपतीत आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकमेकांना भेटायचं, आणि एरवी कोणाच्या घरात काय चाललंय ते न भेटताही माहीत असायचं. एवढ्याशा वस्तीत कोणी कोणाला दुखवत नाही, कारण पुढच्या गणपतीत त्याच मंडपात शेजारी बसायचं असतं. माझ्या कचेरीत मराठी घरातलं प्रकरण जवळपास येतच नसे. आपल्या लोकांत अशी मुलं नसतात असं नाही. ती घरात असतात.

त्यामुळे प्रभाकररावांचा अर्ज आला तेव्हा मला नवल वाटलं आणि बरंही वाटलं. ते फॅक्टरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. माझ्या माहेरच्यांच्या ओळखीचे. त्यांची धाकटी बहीण बेबी, वय त्रेचाळीस. खरं नाव अर्जात होतं, पण तिला स्वतःला विचारलं तरी ती बेबीच सांगायची. जन्मापासून बुद्धी लहान मुलीची. दीक्षितपुऱ्यात आईबरोबर दोन खोल्यांत भाड्याने राहायची. आई गेली, आणि भावाने तिला जबलपुरातल्याच गोरखपुर वस्तीत स्वतःच्या घरी आणलं.

अशा माणसाला अठरा वर्षं पूर्ण झाली की कायद्याने तो सज्ञान होतो. मग त्याच्या वतीने सही कोणी करायची, तो कुठे राहणार हे कोणी ठरवायचं, हे आईबापांना किंवा भावालाही आपोआप ठरवता येत नाही. त्यासाठी समितीकडून पालक नेमून घ्यावा लागतो. पालकाच्या हातात त्या माणसाचं जवळजवळ सगळं आयुष्य जातं. म्हणून समिती आधी माझ्यासारखीला घरी पाठवते: जा, बघ, आणि लिहून आण.

मी गेले तो दिवस संक्रांतीनंतरचा होता. दार उघडताच प्रभाकररावांची बायको म्हणाली, "या ताई, या! अवो, आपल्यातल्याच निघाल्या तुम्ही. आम्ही उगीच घाबरून राहिलो होतो." बैठक आवरलेली, भिंतीवर आईंचा हार घातलेला फोटो. दोन मिनिटांत पोहे आले. वरून खोबरं, कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड. मी पाण्याचा पेला हातात धरून बसले होते. वहिनी म्हणाल्या, "पहिल्यांदा घरी आल्या, अन् तशाच जाल का?"

एखाद्या मिश्राजींच्या किंवा अग्रवालांच्या घरी मी सहज नाही म्हटलं असतं. तिथे नाही म्हणता म्हणता माझी वर्षं गेली होती. इथे मला ते जमलं नाही. मी पोहे खाल्ले. चांगले झाले होते. मग वहिनींनी हळदीकुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला, वाण म्हणून एक स्टीलची वाटी दिली. मी वाटीसुद्धा घेतली.

बेबी आतल्या दाराशी उभी होती. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, लांब वेणी, तेल लावून घट्ट घातलेली. खांद्याला कापडी थैली आणि पायात चपला. घरात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, चपला. आपल्या घरांत कोणी असं उभं राहत नाही, हे माझ्या नजरेने टिपलं होतं. मी विचारलं, "हिला कुठं जायचं आहे का?"

"नाही हो," वहिनी म्हणाल्या, "सकाळी आंघोळ झाली की अशीच उभी राहते. सवय आहे तिची."

बेबीला हळदीकुंकू लावलं नाही तेही मी पाहिलं. मी तिच्याकडे बघून हसले आणि हिंदीत विचारावं की मराठीत या घोळात काहीतरी "बरी आहेस ना?" असं म्हटलं. ती उत्तर द्यायच्या आत प्रभाकरराव म्हणाले, "मजेत आहे ती. काय बेबी?" बेबीने मान हलवली.

हिच्याशी मला एकटीने बोलायचं आहे, असं मी म्हणायला हवं होतं. शब्द तोंडाशी आले होते. पण एकटीने बोलायचं म्हणजे तुमच्यावर संशय आहे असं म्हणणं, तेही कुंकू लावून घेतल्यावर, वाटी पिशवीत टाकल्यावर! मला लाज वाटली. मी उठले. अहवालात लिहिलं की परिवार सुसंस्कृत आहे, देखभाल उत्तम आहे, अर्जदारास पालक नेमण्यास हरकत नाही. समितीने माझ्या भरवशावर तसं नेमलं. माझे अहवाल समिती फारसे तपासत नसे, कारण मी काटेकोर म्हणून प्रसिद्ध होते.

सव्वा वर्ष गेलं. शहराबाहेर एका नव्या आश्रमाची तपासणी होती. नाव सांगत नाही, तो आता बंद आहे. व्यवस्थापकाची खोली टाळून मी सरळ मागे गेले. बायका ओट्यावर ओळीने बसल्या होत्या, सगळ्यांचे केस एकसारखे बारीक कापलेले. उवांचा त्रास होतो म्हणून कापतात, हे मला ठाऊक होतं. मी एकेकीपाशी बसून बोलत पुढे सरकत होते. सहाव्या-सातव्या बाईने मान वर केली. मी ओळखलं नाही. तिने मला ओळखलं. म्हणाली, "वाटी."

मी तिथेच खाली बसले.

"बेबी?"

"हो."

"तू इथं काहून?"

"दादा म्हणाला चार दिवस." तिने बोटं दाखवली, चार. मग ती बोटांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "झाले."

त्या दिवशी मी पंधरा मिनिटं नाही, दीड तास तिच्याजवळ बसले. मारहाण नव्हती, उपासमार नव्हती. तक्रारीत लिहिण्यासारखं असं काही नव्हतंच. तिला दिवसभर काम नव्हतं, एवढंच. मी विचारलं, "तुला काय पाहिजे?" ती म्हणाली, "इथं पापड नाही." मला वाटलं जेवणातला पापड. तिने मान जोरात हलवली आणि जमिनीवर दोन्ही तळवे टेकून लाटून दाखवलं. "अम्माकडे. घरी."

दुसऱ्या दिवशी मी दीक्षितपुऱ्यात गेले. आई तर गेली होती, मग ही अम्मा कोण? शोधायला वेळ लागला नाही. बेबीच्या जुन्या खोल्यांच्या समोरच शुक्लाइन अम्मांचं घर. सत्तरीच्या, विधवा, मुलगा दुकानात, सून घरात. त्या आणि गल्लीतल्या चार बायका मिळून उडदाचे पापड करून विकायच्या. मी ओळख सांगितली तर त्यांनी बसा म्हटलं नाही.

"अब आई है सरकार?"

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. वीस वर्षं बेबी रोज सकाळी आंघोळ करून, वेणी घालून, थैलीत स्वतःचं लाटणं घेऊन, चपला घालून रस्ता ओलांडायची. दिवसभर लाटायची. "गोल ऐसा बेलती है कि मेरी बहू से नहीं होता." संध्याकाळी आई बोलवायला यायची. भाऊ तिला घेऊन गेला तेव्हा अम्मा दोनदा गोरखपुरला जाऊन आल्या. निदान दिवसा तरी पाठवा म्हणाल्या. त्यांना दारातच सांगण्यात आलं की हा घरचा मामला आहे, बहीण लोकांकडे मजुरी करते हे बरं दिसत नाही.

मी ऐकत होते आणि मला त्या चपला दिसत होत्या. ती बाई माझ्यासमोर कामावर जायला तयार होऊन उभी होती. घर बदललं आहे, वाट माहीत नाही, पण वेळ झाली म्हणून थैली घेऊन ती रोज उभी राहत होती, कोणीतरी नेईल म्हणून. तिला एकटीला एवढंच विचारलं असतं की कुठं जायचंय, तर तिने तेव्हाच सांगितलं असतं. मी पोहे खात होते.

अम्मांनी पालक बदलण्याचा अर्ज केला. तो मी लिहून दिला, आणि तिवारी बाबूंच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी वाचून चष्मा काढला. "मैडम, इसमें तो आपकी ही रिपोर्ट फँसेगी."

"फँसने दो," मी म्हटलं. मोठ्या तोऱ्यात म्हटलं खरं, पण त्या आठवड्यात माझं जेवणात लक्ष नव्हतं.

सुनावणीला प्रभाकरराव आले. गेल्या वेळेपेक्षा बरेच थकलेले दिसले. मला त्यांचा राग यायला हवा होता, तो आला नाही. त्यांनी काही लपवलं नाही. मुलीचं लग्न जमत होतं. पाहायला येणारे बेबीला पाहून दोनदा परत गेले. म्हणून चार दिवसांसाठी ठेवली. मग लग्न झालं, मग बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग आणायचं राहून गेलं. "हमने कुछ बुरा किया क्या, साहब? अच्छी जगह रखा. पैसे भरे." मग त्यांनी फाईल उघडून माझा अहवाल अध्यक्षांपुढे सरकवला. "ये देखिए, आपकी मैडम ने ही लिखा है. देखभाल उत्तम."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले आणि म्हटलं की अहवाल माझा आहे आणि तो अपुरा आहे. मी त्या घरी पाहुणी म्हणून वागले, निरीक्षक म्हणून नाही. जिच्याबद्दल लिहिलं तिच्याशी मी बोललेच नाही. प्रभाकरराव हळूच मराठीत म्हणाले, "ताई, आपल्या माणसाची अशी चारचौघांत..." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आजही ते कुठे समोरून आले तर रस्ता बदलतात. कधी कधी मीच बदलते.

अध्यक्ष सज्जन होते, पण त्यांना एक शंका होती. नातं नाही, गोत नाही, आणि वय सत्तर. "अम्मा, आप खुद कितने दिन की हैं? आपके बाद इसका क्या?"

अम्मा पदर सावरून म्हणाल्या, "साहब, जब भाई को दिया था तब पूछा था कि भाई के बाद क्या? भाई भी साठ पार है."

तिवारी बाबू, जे कधीच हसत नाहीत, ते खाली बघून हसले. अम्मांची सून पुढे आली आणि म्हणाली की माझंही नाव लिहा, अम्मांच्या नंतर मी आहे.

मग अध्यक्ष बेबीकडे वळले. तिला आश्रमातून आणलं होतं, डोक्याला रुमाल बांधून ती अम्मांना चिकटून बसली होती. त्यांनी विचारलं, "बेबी, तुम्हें किसी से शिकायत है? किसी ने तकलीफ़ दी?" हा प्रश्न विचारावाच लागतो. सगळ्यांना वाटलं ती भावाकडे बोट दाखवील. प्रभाकररावांनी तर मानच खाली घातली.

बेबीने माझ्याकडे बोट दाखवलं.

"हिची," ती म्हणाली. "हिनं विचारलंच नाही. पोहे खाल्ले अन् चालली गेली."

अध्यक्षांना मराठी येत नव्हती. त्यांनी माझ्याकडेच पाहिलं, कारण खोलीत दुभाषी मीच होते. मी एकेक शब्द हिंदीत सांगितला. तिवारी बाबूंनी पेन वर धरून विचारलं, "मैडम, यह लिखना है क्या?"

"लिखो. पोहे भी लिखो."

समितीने पालक बदलला. अम्मा आणि त्यांची सून, दोघींची नावं चढली. बेबी त्याच दिवशी रिक्षात बसून दीक्षितपुऱ्याला गेली. मागे वळून कोणाकडे पाहिलं नाही. प्रभाकररावांनी तिची थैली आणून अम्मांच्या हातात दिली आणि ते रिक्षा वळेपर्यंत उभे राहिले.

आता राहिली माझ्याविरुद्धची तक्रार. ती दुसऱ्या अधिकाऱ्याकडे चौकशीला गेली. मला स्पष्टीकरण मागणारी नोटीस आली. सहकाऱ्यांनी तीन पानांचा मसुदा करून दिला, त्यात कामाचा ताण होता, वाहनाची अनुपलब्धता होती. मी एक ओळ लिहिली: तक्रार खरी आहे. मला लेखी ताकीद मिळाली. इतक्या वर्षांच्या नोकरीतली एकुलती एक.

पण ताकीद दिली म्हणजे तक्रार मिटत नाही. आमच्याकडे प्रत्येक तक्रारीच्या शेवटी एक रकाना असतो: तक्रारदार संतुष्ट की असंतुष्ट. संतुष्ट लिहून अंगठा आला की फाईल बंद. असंतुष्ट आला की दर सहा महिन्यांनी जाऊन तक्रारदाराला पुन्हा विचारायचं. म्हणून कचेरीतले लोक तक्रारदारांच्या किती मिनतवाऱ्या करतात हे इथे राहणाऱ्या कोणालाही सांगायला नको. "भैया, संतुष्ट बोल दो, हमारी नौकरी का सवाल है."

तिवारी बाबू मला म्हणाले, "आप ख़ुद चली जाओ मैडम, अंगूठा ले आओ. वो तो भोली है."

मी गेले. अम्मांच्या घरी पुढच्या खोलीत पाच पोळपाट मांडले होते आणि बेबी भिंतीकडच्या पोळपाटावर लाटत होती. मी बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं. त्या बडबडत गेल्या. मी बेबीच्या समोर जमिनीवर बसले आणि तिला मराठीत सांगितलं की तुझी तक्रार खरी ठरली, मला साहेबांनी ताकीद दिली, मी चुकले. "झालं का तुझं समाधान?"

तिने लाटणं थांबवलं. बराच विचार केला. "नाही."

"काय केलं म्हणजे होईल?"

तिने डोक्यावरून हात फिरवला. केस अजून बोटभरच होते. "वाढले की."

मी असंतुष्ट लिहिलं, तिने अंगठा दिला. सहा महिन्यांनी गेले तेव्हा केस मानेपर्यंत आले होते. नाही. पुढच्या वर्षी वेणी घालण्याइतके झाले. मी म्हटलं, बेबी, केस तर वाढले. ती म्हणाली, "हो." आणि समाधान? "नाही." कारण तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. संतुष्ट असण्याची सक्ती कोणावर करायची नसते हे मी आयुष्यभर इतरांना शिकवत आले होते.

मी निवृत्त झाले त्या दिवशी कार्यभार सोपवण्याच्या कागदावर प्रलंबित प्रकरणांच्या पुढे एक आकडा होता: एक. आमच्या कचेरीचे साहेब म्हणाले, "तुमच्यासारख्या बाईने हे असं ठेवून जायचं? आम्ही इथेच बंद करून टाकतो." मी हात जोडून नको म्हटलं. माझ्या जागी आलेली मुलगी हुशार आहे, हिंदी भाषक आहे. तिला मी पहिल्याच दिवशी ती फाईल दाखवली. ती म्हणाली, "मैडम, इसमें करना क्या है?" मी म्हटलं, "जाना है. अकेले में पूछना है. जो बोले, लिखना है. और मराठी के दो वाक्य मैं सिखा देती हूँ."

मागच्या महिन्यात मी दीक्षितपुऱ्यात गेले होते. काम काही नव्हतं. अम्मा आता खाटेवरच असतात, सगळं सून पाहते. बेबीच्या वेणीत आता पांढरे केस आहेत. माझ्या हातात पर्सशिवाय काही नाही हे तिच्या लक्षात आलं.

"कागद?"

"माझ्याजवळ नाही आता. मी नोकरी सोडली. नवीन मॅडम आणतील."

ती विचारात पडली. "ती विचारेल?"

"विचारावंच लागेल तिला. तू नाही म्हणते, तोवर दर सहा महिन्यांनी कोणाला तरी यावंच लागतं."

तिने ते नीट ऐकून घेतलं. पिठाची लाटी बोटांनी चपटी केली.

"मग नाही," ती म्हणाली, आणि लाटायला लागली.